पोरीला सुरू केलेली डिप्रेशनची गोळी बंद करायची का?

भाऊ, तुमचा प्रश्न पूर्ण वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून थोडक्यात परत सांगते. घाटंजी तालुक्यातलं गाव, बहिणीची पोरगी शिकायला तुमच्याकडे राहते, वय १५, यंदा दहावी. दिवाळीपासून जेवण तुटलं, मैत्रिणींशी बोलणं बंद, रात्री दोन-तीनला उठून बसते आणि एकदा मामीला म्हणाली, "मले जगावंसंच नाही वाटत." यवतमाळला मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी फ्लुऑक्सेटिन १० मिलिग्रॅम सुरू केली, आज नववा दिवस. आता मेडिकलवाला म्हणतो ही सवयीची गोळी आहे, तुम्ही मोबाईलवर वाचलं की या गोळीनं पोरांमध्ये आत्महत्येचे विचार वाढतात, आजी म्हणते बाहेरचं आहे. आणि जाताजाता तुमच्या ८ वर्षांच्या पोराचंही विचारलंय, की शाळेतले सर म्हणतात हा एका जागी बसत नाही, याला पण गोळी द्या.

मी याच पट्ट्यात, यवतमाळ-वर्ध्याकडं, लहान मुलांची आणि तरुण पोरांची मानसोपचाराची ओपीडी बघते, त्यामुळं हे प्रश्न माझ्यासमोर रोजचे आहेत. आधी उत्तर देते, कारण देते मग: पोरीची गोळी बंद करू नका. आणि पोराला अजून कोणतीच गोळी सुरू करू नका.

तुम्ही जे वाचलं ते खोटं नाही. २००४ साली अमेरिकेच्या औषध खात्यानं, म्हणजे एफडीएनं, मुलांवर झालेल्या अशा गोळ्यांच्या २४ चाचण्या एकत्र करून बघितल्या, सगळी मिळून ४४०० च्या आसपास मुलं. खरी गोळी घेणाऱ्या १०० पोरांमागं साधारण ४ जणांमध्ये आत्महत्येचे विचार किंवा तसं काही वागणं दिसलं आणि नुसती खोटी गोळी (दिसायला तशीच, पण आत औषध नसलेली) घेणाऱ्या १०० मागं २ जणांमध्ये. म्हणजे दुप्पट, हे खरंय, आणि म्हणूनच या गोळ्यांच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीत इशारा छापणं सक्तीचं झालं, नंतर २००७ मध्ये तो इशारा २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवला. पण त्या सगळ्या चाचण्यांत आत्महत्येनं एकही मूल गेलं नाही, हेही त्याच अहवालात आहे आणि मोबाईलवर फिरणाऱ्या मेसेजमध्ये ते कधी नसतं. शिवाय तुमच्या पोरीला जगावंसं वाटत नाही हे तिनं गोळी सुरू व्हायच्या आधी सांगितलंय. आजार बिनइलाजाचा ठेवला तर त्याचा धोका १०० मध्ये ४ पेक्षा कितीतरी मोठा असतो, हे मी तुम्हाला जबाबदारीनं सांगते.

आता गोळीचा उपयोग किती. २००४ मध्येच अमेरिकेत १२ ते १७ वयाच्या, बऱ्यापैकी जास्त डिप्रेशन असलेल्या ४३९ पोरांवर एक मोठी चाचणी झाली, त्यात हीच फ्लुऑक्सेटिन होती. १२ आठवड्यांनी बघितलं तर खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी १०० मागं ३५ सुधारले, नुसत्या समुपदेशनावर ४३, नुसत्या गोळीवर ६१ आणि गोळी अन् समुपदेशन दोन्ही मिळालेले ७१. आत्महत्येचे विचारही दोन्ही मिळालेल्या गटात सगळ्यात जास्त कमी झाले. आपल्याकडं अडचण अशी की ते आठवड्याला तासभर बसून करायचं शास्त्रीय समुपदेशन तालुक्याला सोडा, जिल्ह्यालाही मुश्किलीनं मिळतं, म्हणून गोळीवर जास्त भार येतो. हे बरोबर नाहीये, पण यात पोरीचा काय दोष, जे हाताशी आहे ते तरी तिला मिळालंच पाहिजे.

आणि सगळ्या डिप्रेशनच्या गोळ्या पोरांसाठी सारख्या नसतात बरं का. फ्लुऑक्सेटिनला अमेरिकेत वयाच्या ८ वर्षांपासून मान्यता आहे, एस्सिटालोप्रामला डिप्रेशनसाठी १२ पासून पुढं. पॅरोक्सेटिन नावाची एक गोळी आहे, तिच्यावर २००१ मध्ये एक पेपर आला की पोरांमध्ये ती छान चालते, सुरक्षित आहे, मग २०१५ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी त्याच चाचणीचे मूळ कागद परत तपासले तर उपयोग खोट्या गोळीपेक्षा जास्त नाही आणि आत्महत्येचे विचार मात्र जास्त, असं निघालं. म्हणून नाव विचारायला लाजू नका. तुमच्या डॉक्टरांनी जी निवडली ती बरोबर निवडलीय, डोसही कमीपासून सुरू केलाय. आपल्या भागासाठी तिचा अजून एक फायदा आहे, ती अंगातून फार हळू उतरते, त्यामुळं एसटी चुकली, पावसात नाला आडवा आला, दोन दिवस गोळी राहिली तरी एकदम त्रास होत नाही.

मेडिकलवाल्याचं म्हणणं, सवयीची गोळी. तो बहुतेक अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम असल्या झोपेच्या गोळ्यांशी गल्लत करतोय, त्यांची सवय लागते हे खरंय. फ्लुऑक्सेटिनची तशी तलफ लागत नाही, डोस वाढवून मागावा असंही होत नाही, फक्त बरं वाटल्यावर एकदम न सोडता डॉक्टरांच्या सांगण्यानं उतरवायची असते. पण स्ट्रिप हातात घ्या आणि नाव पूर्ण वाचा. बाजारात एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकत्र घातलेल्या गोळ्या खूप चालतात, तालुक्याच्या ठिकाणी कुणीही लिहून देतं कारण पेशंटला दुसऱ्याच दिवशी शांत वाटतं. पंधरा वर्षांच्या पोरीला अशी जोडगोळी महिनोनमहिने चालू ठेवणं मला मान्य नाही, शाळेत डुलक्या, अभ्यास लक्षात न राहणं आणि वर ती सवय. काही पोरं तर शांत व्हायच्या ऐवजी त्यानं उलटी चिडतात, बेभान होतात.

आता मला खरं जे सांगायचंय ते. गोळी द्यावी का देऊ नये यावरच सगळे भांडतात, आणि दिल्यानंतर पोराकडं कोण बघणार हे कुणीच ठरवत नाही. पोरांच्या औषधात निम्मं काम गोळीचं, निम्मं त्या बघण्याचं. पहिले चार आठवडे तुमच्या घरात कुणीतरी एक माणूस नेमा, माझ्या मते मामी, कारण पोरगी तिच्याशीच बोलली. गोळी पोरीच्या हातात स्ट्रिपसकट द्यायची नाही, मामीनं रोज एक द्यायची, सकाळी, खाऊन झाल्यावर, म्हणजे झोपेचा त्रास कमी. आणि बघायचं काय तर ती अचानक अस्वस्थ झालीय का, एका जागी बसवत नाही, येरझाऱ्या घालते, चिडचिड आधीपेक्षा वाढली, होती ती झोपही उडाली, मरणाची भाषा नव्यानं किंवा जास्त येते, हातावर ब्लेडच्या खुणा. यातलं काही दिसलं तर डॉक्टरांना त्याच दिवशी फोन, डोस कमी करायचा का बदलायचा ते ते बघतील. याच्या उलटं पण बघा, म्हणजे पोरगी एकदम फार खुशीत आली, रात्रभर जागी तरी थकवा नाही, भराभर बोलते, मोठमोठ्या गोष्टी करते, तर तेही लगेच कळवायचं, खास करून घराण्यात कुणाला असा चढउताराचा आजार असेल तर. बहिणीला, भाऊजींना विचारा, लोक पहिल्या भेटीत हे लपवतात.

सुरुवातीला मळमळ, डोकं दुखणं, पोट बिघडणं होतं, आठवड्या-दोन आठवड्यांत जातं. मूडवर फरक दिसायला मात्र दोन ते चार आठवडे, कधी सहा. नवव्या दिवशी "काही फरकच नाही" म्हणून सोडणारे खूप बघते मी, कृपा करून तसं करू नका.

तिला सरळ विचारत राहा, जीव द्यायचा विचार येतो का, कसा द्यायचा असं काही डोक्यात आहे का. विचारल्यानं विचार पेरला जातो ही भीती सगळ्यांना असते, पण तसं होत नाही, उलट पोरं मोकळी होतात. माझ्याकडं पोरगी आली की मी घरच्यांना आधी बाहेर बसवते. सगळ्यांसमोर ती फक्त ओढणीचं टोक पिळत "काही नाही" म्हणत असते, दार लोटलं की पाच मिनिटांत कळतं की परीक्षेचं आहे, का कुणी पोरगा त्रास देतोय, का घरातल्याच कुणाचा हात अंगाला लागतोय, का शाळा सोडून लग्न लावायचं चाललंय. यातलं काही असलं तर नुसत्या गोळीनं ते कसं सुटेल सांगा. तुमच्या डॉक्टरांनी तिच्याशी एकटीशी बोलणं केलंय का ते विचारा, नसेल तर पुढच्या भेटीत मुद्दाम वेळ मागा.

आणि भाऊ, आता जे सांगते ते गोळीपेक्षाही आधी करा, आजच करा. तुमचं कपाशीचं वावर आहे, फवारणी संपली तरी उरलेले कीटकनाशकाचे डबे कुठंतरी ठेवलेले असणारच. मी प्रत्येक शेतकरी घराला हे विचारते आणि उत्तरं ठरलेली असतात, पलंगाखाली, माळ्यावर, गोठ्यात चाऱ्यामागं. आपल्या भागातली तरुण पोरं जीव देतात त्यातली बरीच त्याच डब्यानं, आणि बरेचदा तो विचार दहा-पंधरा मिनिटांचा असतो, हाताशी काही नसलं तर ओसरून जातो. ते डबे घरातून, गोठ्यातून पूर्ण हलवा. पेटीला कुलूप लावलं म्हणजे झालं असं मी म्हणत नाही, श्रीलंकेत गावोगाव कुलूपाच्या पेट्या वाटून बघितल्या, विष पिण्याचं प्रमाण काही कमी झालं नाही, जहाल कीटकनाशकांवर बंदी आणली तेव्हा मात्र आत्महत्या खूप कमी झाल्या. म्हणून डबा घरातच नको. विहिरीजवळच्या खोपडीत ठेवला आणि पोरीला जागा माहीत आहे, तर त्याचाही उपयोग नाही. दुसऱ्याच्या घरी, गावाबाहेर, निदान सहा महिने. आजीच्या बीपी-शुगरच्या गोळ्या पण मामीकडं कुलपात. कुणाला झोपेसाठी किंवा दुखण्यासाठी अमिट्रिप्टिलिन चालू असेल तर ती तर आधी, ती गोळी जास्त घेतली की हृदय बंद पाडू शकते. फ्लुऑक्सेटिन त्या मानानं जास्त घेतली तरी कमी धोक्याची, तिची निवड होण्यामागं हेही एक कारण असतं.

आता तुमच्या ८ वर्षांच्या पोट्ट्याचं. सर म्हणाले म्हणून गोळी देता येत नाही. तो त्रास (एडीएचडी म्हणतात त्याला) ठरवायला लक्षणं घरी आणि शाळेत दोन्हीकडं हवीत, सहा महिन्यांपेक्षा जास्त हवीत, आणि त्यानं पोराचं खरोखर नुकसान होत असायला हवं. एका खोलीत दोन वर्ग बसतात, सर मोबाईलवर माहिती भरत बसलेत, तर ८ वर्षांचं पोरगं उठणारच की. आधी कान, डोळे, रक्त तपासा. मध्येच काही सेकंद शून्यात बघतो आणि हाक मारली तर ऐकत नाही असं होत असेल तर ती मिरगीची एक जात असू शकते, त्याचं औषध पूर्ण वेगळं. आणि आपल्या भागात सिकलसेल तपासल्याशिवाय पुढं जाऊच नका. सिकलसेलच्या काही पोरांत मेंदूला बारीक बारीक इजा होते, बाहेरून लकवा वगैरे काही दिसत नाही, फक्त पोरगं अभ्यासात मागं पडतं, लक्ष लागत नाही, आणि सगळे त्याला आळशी नाहीतर वांड म्हणतात. शाळेत वर्षातून एकदा तपासणीची सरकारी गाडी येते (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची), त्यांच्याकडून जिल्ह्याच्या केंद्राची चिठ्ठी मिळते, पैसे लागत नाहीत.

एवढं करून तोच त्रास निघाला तर मात्र घाबरू नका, त्याची औषधं चांगली आहेत आणि जुनी आहेत, १९३७ मध्ये चार्ल्स ब्रॅडली नावाच्या डॉक्टरनं अमेरिकेत अशा जातीचं औषध मुलांना देऊन बघितलं तेव्हापासून हा अभ्यास चालू आहे. आज जी मिथाइलफेनिडेट वापरतात ती ६ वर्षांनंतर देतात, आपल्याकडं ती एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते म्हणून दर दुकानात मिळत नाही, चिठ्ठी लागते, नागपूर-यवतमाळच्या फेऱ्या होतात. भूक कमी होते, झोप लांबते, म्हणून दर भेटीला वजन-उंची मोजायचीच. १९९९ मध्ये अशा ५७९ मुलांची १४ महिन्यांची चाचणी आली, ती मला फार महत्त्वाची वाटते. एका गटाला गोळी नीट डोस ठरवून, दर महिन्याला भेट आणि शिक्षकांकडून माहिती घेऊन दिली. दुसऱ्या गटाला आपापल्या डॉक्टरकडं सोडून दिलं, त्यातल्याही दोन तृतीयांश मुलांना तसल्याच गोळ्या चालू होत्या, पण भेटी वर्षाला एक-दोन. पहिला गट बराच पुढं गेला. औषध त्याच जातीचं. आणि तीन वर्षांनी, ते बारीक लक्ष देणं केव्हाच थांबल्यावर, गटांमधला फरकही उरला नव्हता.

बाकी कुणाच्या घरी पोरांना दुसरी औषधं चालू असतील तर दोन-तीन गोष्टी सांगून ठेवते, आपल्याकडं यावरून फार गोंधळ होतो. हॅलोपेरिडॉल किंवा रिस्पेरिडोन (भास, फार आक्रमकपणा अशा त्रासांवरच्या गोळ्या) सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांत, खास करून तरुण पोरांमध्ये, मान एकीकडं वाकडी होते, डोळे वर चढतात, जीभ बाहेर येते, जबडा आवळतो. दिसायला इतकं भयानक असतं की घरचे थेट मांत्रिकाकडं नेतात, "मान मोडून राह्यलं जी कोणी तरी" म्हणत. तो गोळीचा दुष्परिणाम आहे, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रोमेथाझिनचं इंजेक्शन दिलं की अर्ध्या तासाच्या आत पोरगं सरळ होऊन बोलायला लागतं. उलटीसाठी दिलेल्या मेटोक्लोप्रामाइडच्या इंजेक्शननंही हुबेहूब असंच होतं. रिस्पेरिडोननं वजन वाढतं, कधी मुलांची छाती वाढते आणि पोरगं लाजेनं सांगत नाही, शाळेत शर्ट काढायला लागेल म्हणून खेळाला जात नाही, विचारावं लागतं.

लिथियम (मूडच्या चढउताराच्या आजारावरची गोळी) चालू असेल तर आपला उन्हाळा म्हणजे जोखीम. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या वर, घामानं पाणी गेलं की रक्तात लिथियम वाढतं, हात थरथरतात, जुलाब, तोल जातो, आणि त्यात कुणी अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक टोचलं की अजून वाढतं. पाणी आणि मीठ दोन्ही पोटात जायला हवं, आणि ही लक्षणं दिसली की गोळी थांबवून सरळ दवाखाना. हॅलोपेरिडॉल-रिस्पेरिडोनसोबत अंग आखडू नये म्हणून पॅसिटेन नावाची गोळी देतात, तिनं घाम कमी येतो, अशा पोरांना मे महिन्यात दुपारी वावरात पाठवू नका.

आणि पोरींना व्हॅल्प्रोएट, हे मी प्रत्येक आईला सांगते. मिरगीसाठी असो की मूडसाठी, पुढं गरोदरपणात ती चालू राहिली तर १०० बाळांमागं साधारण १० मध्ये जन्मजात व्यंग आणि ३० ते ४० मध्ये वाढ-बुद्धीचा त्रास. आपल्याकडं अठरा लागले की लग्न, सासरी गोळीचं कुणाला सांगत नाहीत, आणि डॉक्टरला कळतं तेव्हा तिसरा महिना संपलेला असतो. दुसरं औषध चालत असेल तर वयात आलेल्या पोरीला ही गोळी सुरूच करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पण चालू असेल तर एकदम बंदही करू नका, आधी डॉक्टरांकडं जा.

आजीशी भांडू नका. देवाला न्यायचं तर न्या, अंगारा लावू द्या, गोळी मात्र चालू ठेवायची. फक्त मारणं, उपाशी ठेवणं, मिरचीची धुरी देणं यातलं काही होऊ देऊ नका, २०१३ पासून राज्यात त्याविरुद्ध कायदा आहे, आणि त्याआधी ती पोरगी आहे आपली.

दहावीचं दडपण थोडं उतरवा. यंदा जमलं नाही तर पुरवणी परीक्षा आहे, पुढचं वर्ष आहे, हे तिला मामानं स्वतः तोंडानं सांगितलेलं हवं. रोज सकाळी मामीबरोबर अर्धा तास चालणं, जेवण ठरल्या वेळी, एक मैत्रीण घरी बोलवा, अभ्यास थोडा थोडा. बरं वाटायला लागलं की त्यानंतरही सहा महिने ते वर्षभर गोळी चालू ठेवायची असते, आणि उतरवायची ती परीक्षेच्या तोंडावर नाही, सुट्टीत.

दर आठवड्याला यवतमाळला येणं म्हणजे एक रोज बुडाला, भाडं वेगळं, हे मला कळतं. म्हणून डॉक्टरांना फोनवर बोलायची वेळ मागून घ्या, गावच्या आरोग्यवर्धिनी (आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात) उपकेंद्रातल्या सीएचओंना, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना, सांगून ठेवा, वजन आणि चौकशी त्या करू शकतात. रात्री-अपरात्री काही वाटलं तर १४४१६ वर टेलिमानसला फोन लावा, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. ती जीव द्यायची भाषा ठामपणे करत असेल, चिठ्ठी लिहून ठेवलेली सापडली किंवा काही प्यायल्याचा संशय आला तर फोनवर वेळ घालवू नका, १०८ बोलवा, एक क्षण एकटं सोडू नका, आणि डबा सोबत घेऊन या म्हणजे कोणतं विष ते कळतं.

पुढच्या भेटीला मामीला पण घेऊन जा. कोणत्या दिवशी झोप कशी होती, जेवली का, काय बोलली, एवढं वहीत दोन-दोन ओळी लिहून न्या, आणि उरलेली स्ट्रिप न्या. डॉक्टर साधारण दोन-तीन आठवड्यांनी डोस २० करतील, त्या दिवसापासून पहिल्यासारखंच बारीक लक्ष परत सुरू करायचं.